घर कुठल्या सालचं? बार्देशातल्या एका डोंगरवाडीचं प्रकरण

घर नियमित करून घेण्याच्या सरकारी अर्जात एका ओळीत ते कधी बांधलं हे लिहायचं होतं. मावशींनी पेन वहीवर आडवं ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, कुठलं साल लिवू? जोत्याचं, भित्तींचं, स्लॅबचं, का वरच्या खोलीचं?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं मी घरांचे नकाशे काढतो आहे. पंचायतींची आणि नगरनियोजन खात्याची टेबलं मला पाठ आहेत, तरी हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कधी समोर आला नव्हता. ज्याच्याकडे जमिनीचा कागद, बँकेचं कर्ज आणि कंत्राटदार असतो, त्याचं घर एका साली सुरू होतं आणि दुसऱ्या साली पुरं होतं. मावशींचं घर १९९४ साली सुरू झालं आणि अजून चालूच आहे. आपले कायदे मात्र घराला एकच जन्मतारीख असते असं धरून चालतात. या प्रकरणातली सगळी ओढाताण तिथून निघते, म्हणून ते सविस्तर मांडतो.

जागा

वाडी गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आहे, म्हापशापासून स्कूटरनं वीसेक मिनिटांवर. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांचे अर्ज सध्या कचेरीत आहेत. माणसांची नावंही त्याच कारणानं गाळली आहेत.

वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, मधे उतार, खाली गाव. उतारावरून एक गल्ली खाली येते आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा घरं आहेत. वरच्या टोकाला गल्ली चार फूट रुंद, खाली रस्त्याला मिळते तिथे जेमतेम सहा. पायथ्याशी गावची जुनी विहीर, विहिरीपलीकडे भाताची शेतं. बहुतेक घरं चंदगड आणि दोडामार्गकडची, दोन खानापूरची, दोन विजापूरकडची. पहिली पिढी चिरेखाणींवर कामाला आली. मुलं आज हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आणि म्हापशाच्या बाजारात आहेत.

जमीन कोमुनिदादची. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगिजांच्याही आधीपासून चालत आलेली गावकरी संस्था. गावची जमीन गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, सामाईक मालकीची आणि तिचा कारभारही त्यांचाच. अशा २२३ कोमुनिदादी गोव्यात आहेत आणि १९६१च्या पोर्तुगीज संहितेवर त्यांचं काम आजही चालतं. सड्यावरची आणि उतारावरची ही जमीन गावकारांच्या दृष्टीनं वडिलोपार्जित ठेवा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सात-बारावर, नाव कोमुनिदादचं आहे, वाडीतल्या कुणाचंही नाही. तिथे आलेल्या माणसानं ती विकत घेतली नव्हती, भाड्यानंही घेतली नव्हती. ही गोष्ट झाकून हे प्रकरण सांगता येणार नाही. मावशींनीही ती कधी झाकली नाही.

सरकारी मोजणीत अशी वाडी सापडत नाही. २०११च्या जनगणनेत गोव्याची झोपडपट्टीतली लोकसंख्या २६ हजारांच्या आसपास दाखवली आहे. पण ती मोजणी फक्त शहरांतली, आणि तीही साठ-सत्तर घरांच्या सलग वस्तीपासून पुढची. पंचायत हद्दीतली चौदा घरं तिच्यात बसायची कशी? त्याच जनगणनेत गोव्यातली सुमारे पावणेसहा लाख घरं मोजली गेली आणि त्यांतली सुमारे सव्वा लाख रिकामी होती. म्हणजे पाच घरांमागे एकाला कुलूप. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गोव्यात घरांचा तुटवडा नेमका कुणाला आहे ते कळतं.

वही

मावशींचे यजमान चिरेखाणीवर होते. त्यांना अक्षरओळख बेताची, म्हणून हिशेब मावशी ठेवायच्या. शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर हळदीकुंकू, आणि खाली १९९४च्या एप्रिलपासून आणलेला प्रत्येक पत्रा, प्रत्येक पोतं, गवंड्याची प्रत्येक हजेरी. मी गल्लीतल्या सगळ्या घरांची मापं घेतली, पण हे प्रकरण मला कळलं ते या वहीमुळे.

पहिली नोंद दहा बाय बारा फुटांच्या खोलीची. चार वासे, पत्र्याच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री आणि तिच्यावर माडाची चुडतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या खोलीनं तीन पावसाळे काढले. १९९६ साली रेशनकार्ड मिळालं. १९९७च्या उन्हाळ्यात जोतं आलं, खाणीवरून स्वस्तात मिळालेल्या तुकडा चिऱ्यांचं. २००१ साली पंचायतीनं घरपट्टी लावून घेतली आणि त्याच हिवाळ्यात पत्र्याच्या दोन भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या.

इथे मला वहीतला क्रम दिसायला लागला. कागद आला की त्याच्यामागून भिंत येते. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे कचेरीतला कारकून सांगतो आणि ते खरंच आहे. रेशनकार्डानं जमिनीचा हक्क मिळत नाही, हेही खरं. पण माणूस आपले कष्टाचे पैसे चिऱ्यात घालतो ते उद्या घर पाडणार नाहीत एवढ्या भरवशावर. तो भरवसा या कुटुंबाला पूर्ण मालकीच्या रूपानं कधीच मिळाला नाही. तो तुकड्यातुकड्यानं मिळत गेला, आणि घरही त्याच मापानं वाढलं.

उलट बाजूही वहीत आहे. १४ जून २००४ रोजी वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली. न्यायालयाचा आदेश तिथला वेश्याव्यवसाय बंद करण्यासाठी होता, पण ऐन पावसात छप्पर गेलं त्यांत त्या धंद्याशी संबंध नसलेली कुटुंबंही होती. या वाडीतलं कुणी बायण्याचं नव्हतं, तरी बातमी पोचली. त्यानंतर वहीची पानं जवळजवळ दोन वर्षं कोरी आहेत. एक पोतं सिमेंट नाही की एक हजेरी नाही. मावशी म्हणाल्या, "पैसं व्हतं. हात उचलंना."

वही पुन्हा भरायला लागते २००६ साली, विजेचा मीटर आला तेव्हा. २००३च्या वीज कायद्यातलं ४३वं कलम जागेच्या मालकाबरोबर तिथे राहणाऱ्या कब्जेदारालाही जोडणी मागण्याचा हक्क देतं. मीटरनंतर स्वयंपाकघर वेगळं झालं. २००९ साली संडास, २०१२ साली पत्रे काढून स्लॅब. डिसेंबर २०१३मध्ये स्लॅबवर दुसऱ्या खोलीच्या भिंती उभ्या राहायला लागल्या. जानेवारीत यजमानांचा पाय खाणीवर जायबंदी झाला आणि काम थांबलं. वरच्या भिंती तेव्हा गुडघ्याएवढ्या होत्या.

२०१४च्या फेब्रुवारीतही त्या तेवढ्याच होत्या. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

पाणी

मी वाडीत पहिल्यांदा गेलो तो घराच्या कामासाठी नव्हे. २०१९च्या पावसात वरून चौथ्या घरामागची दरड घसरली. कुणी दगावलं नाही, पण चूल, भांडी आणि मागची भिंत गेली. मावशींच्या मुलाच्या ओळखीनं मला बोलावणं आलं.

जांभा फसवा दगड आहे. वरचा थर उभा कापला तरी उन्हाळ्यात भिंतीसारखा ताठ राहतो, आणि कापलेला चिरा हवा लागून आणखी टणक होतो. पण त्या टणक थराखाली पांढरट-गुलाबी मऊ माती असते. पाणी जांभ्याच्या भेगांतून आत शिरतं, त्या मातीवर पोचतं आणि तिथून वाट काढतं. चौदा घरांनी आपापल्या खोलीपुरता उतार कापला होता. प्रत्येकाचा काप छोटा, पण सगळे मिळून डोंगराचा पायच कातरला गेला होता. गोव्यात परवानगीशिवाय डोंगर कापायला नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्या दिवशी मी हे बोललो तेव्हा एक तरुण म्हणाला, "सायबा, परवानगी मागाय गेलो आसतो तर दिली आसती?" त्यावर मी गप्प बसलो.

घरटी तीन हजार रुपये आणि दर रविवारी प्रत्येक घरातून दोन माणसं, असं ठरलं. ठरवलं बायकांनी. त्यांचा बचत गट आधीपासून चालू होता, हिशेब ठेवायची आणि थकलेली रक्कम न भांडता मागायची सवय त्यांना होती. एका घरानं पैसे दिले नाहीत. त्यांच्याकडून खरंच होत नव्हतं. त्यांनी आपली दारातली पायरी तोडून गटाराला जागा दिली आणि ते पैशांच्या जागी धरलं गेलं.

आराखडा मी केला. गल्लीच्या कडेनं पायऱ्यापायऱ्यांचं गटार, म्हणजे पाणी प्रत्येक पायरीवर आपटून वेग गमावेल. दरडीपाशी चिऱ्याची आधारभिंत, तिच्यात पाणी निथळायला भोकं, भोकांमागे खडीचा भरणा. सांडपाण्याची नळी वेगळी. तुकडा चिरे खाणीवरून आले, सिमेंट बचत गटाच्या पैशांतून. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि कामावर जाणारे सगळे घरी बसले. उरलेलं काम मे संपायच्या आत झालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गटार तुंबून पाणी तीन घरांत शिरलं. चूक माझी होती. मी छपरांवरून आणि गल्लीवरून येणारंच पाणी हिशेबात घेतलं होतं. चौदा छपरं आणि गल्ली मिळून फार तर आठशे चौरस मीटर. तासाला शंभर मिलिमीटरची सर धरली तरी सेकंदाला वीस-बावीस लिटर पाणी होतं, आणि माझं गटार तेवढ्याला पुरेसं होतं. पण वरच्या सड्याचा जवळपास अर्धा हेक्टर उतार याच गल्लीकडे आहे. उघडा कातळ पाणी पीत नाही. त्याचं पाणी धरलं तर सेकंदाला शंभर लिटरच्या वर जातं, म्हणजे पाचपट. शाळकरी गणित होतं. मी घरांकडे बघत राहिलो आणि घरांच्या वर बघायला विसरलो.

उपाय गटार मोठं करण्याचा नव्हता, तेवढी जागाच नव्हती. सड्याच्या कडेला आडवा चर खणून पाणी वाडीच्या दोन्ही बाजूंच्या नैसर्गिक ओहोळांत सोडायला हवं होतं. चर खणायची जागा मात्र वाडीच्या वर, कोमुनिदादच्या मोकळ्या जमिनीत होती. इतकी वर्षं घरं बांधताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं. चरासाठी विचारायचं ठरलं. त्यावर वाडीत वाद झाला. विचारायला गेलो तर आम्ही इथे आहोत हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होईल, असं काहींचं म्हणणं. मावशी म्हणाल्या की पंचवीस वर्षं दिवा जळतोय, ते काय त्यांना दिसत नाही?

रविवारी सकाळी पाच जण गावकारांकडे गेले, मी बरोबर होतो. बोलणं सोपं झालं नाही. एका वयस्क गावकारानं आमच्यादेखत सांगितलं की तुम्ही आमच्या नातवंडांची जमीन घेतलीत. ते शब्द बोचले, पण ते खोटे आहेत असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मग दुसऱ्या गावकारानं विहिरीचा विषय काढला. पावसात विहिरीचं पाणी लाल होतं, शेतात रेती येते. ती रेती या गल्लीतूनच जात होती. चर झाला तर दोघांचंही काम होणार होतं. त्यांनी होकार दिला, एका अटीवर: चराच्या वर एकही घर उभं राहता कामा नये, आणि ते राखायची जबाबदारी वाडीची.

आठ दिवसांत चर झाला. दोन फूट खोल, तीन फूट रुंद, खर्च नावापुरता. या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग हाच ठरला. अट पाळली गेली. २०२२ साली बाहेरच्या एका माणसानं चराच्या वर वासे रोवले होते, ते वाडीतल्या लोकांनीच जाऊन काढायला लावले. सरकारी कुंपणाला जे जमत नाही ते या चराला जमलं आहे.

संडासांचं काम अर्धं राहिलं आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं. भेगांच्या जांभ्यात तेवढं अंतरही पुरेल याची मला खात्री वाटत नाही. खालच्या सहा घरांचे खड्डे विहिरीला फारच जवळ होते. ते बुजवून रस्त्याच्या कडेला दोन सामाईक टाक्या केल्या. रस्त्याकडेला एवढ्यासाठी, की उपसणारा टँकर गल्लीत शिरत नाही. वरच्या आठ घरांचं अजून व्हायचं आहे.

वरची खोली

मावशींची वरची खोली २०१८ साली पुरी झाली. मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं. जिना बाहेरून घेतला, म्हणजे पुढे खोली भाड्यानं देता येईल. एक वर्ष मुलगा-सून राहिली, मग कामासाठी ती दोघं पर्वरीला गेली आणि खोलीत दोन हॉटेल कामगार भाडेकरू आले. यजमानांचा पाय अधू झाल्यावर घर चाललं ते बरंचसं या भाड्यावर. अशा भाड्याच्या खोलीवर लोक नाक मुरडतात. पण गोव्याच्या पर्यटनाला ताटं धुणारे आणि खाटा लावणारे हात लागतात आणि ते हात रात्री कुठे तरी झोपतात. त्यांना परवडणारी भाड्याची खोली मला आजवर दिसली ती अशाच जिन्यांच्या वर.

बांधकाम म्हणून ती खोली मला काळजीची वाटते. गल्लीतल्या पाच स्लॅबांच्या कोपऱ्यांतून सळ्या वर सोडलेल्या होत्या, पण त्यांतल्या चार घरांत त्या सळ्यांखाली खांबच नाहीत. स्लॅब चिऱ्याच्या भिंतींवर बसलेला आहे. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून गवंडी सळ्या सोडतो, आणि घरमालकाला वाटतं की मजल्याची सोय झाली. वरून खारा वारा. चार-पाच पावसाळ्यांत सळई इतकी गंजते की तिच्यावर नवी सळई बांधण्यात अर्थ राहत नाही. सळ्या सोडायच्याच असतील तर आधी खाली खांब हवा, जोडासाठी व्यासाच्या सुमारे पन्नास पट लांबी हवी, आणि काम सुरू होईपर्यंत सळईवर सिमेंटचा पातळ लेप फासून ती कच्च्या काँक्रिटात झाकून ठेवायला हवी. जेव्हा उघडायची तेव्हा फोडून काढता येते.

मावशींच्या वरच्या खोलीवर स्लॅब घातलेला नाही हे त्यातल्या त्यात चांगलं. वर लोखंडी पाइपांवर निळा पत्रा आहे. मी भिंतींच्या माथ्यावरून सगळीकडे फिरणारा काँक्रीटचा आडवा पट्टा करून घ्यायला सांगितला. गोवा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो आणि पट्ट्याशिवाय चिऱ्याच्या भिंती कोपऱ्यात उघडतात. तो गेल्या वर्षी झाला.

टप्प्याटप्प्यानं वाढणारं घर ही गरिबांनी नाइलाजानं काढलेली वाट आहे, तशी ती मोठ्या वास्तुरचनाकारांनी मुद्दाम निवडलेलीही आहे. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला घरं अशी मांडली की एका घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीत अडकत नाही, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा वाढवावं. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, संडास आणि नळ एवढंच दिलं, वरचं त्यांच्यावर सोडलं. चिलीतल्या इकीके शहरात २००४ साली आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी अनुदानात जेवढं बसतं तेवढं अर्धंच घर बांधलं, पण ते अर्धं असं निवडलं की जे कुटुंबाला एकट्यानं बांधणं अवघड: पाया, मुख्य भिंती, जिना, संडास, स्वयंपाकघर.

मावशींच्या वहीत क्रम बरोबर उलटा आहे. आधी छप्पर, मग भिंती, पंधरा वर्षांनी संडास, पंचवीस वर्षांनी गटार. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. छप्पर एकट्याला करता येतं, गटाराला चौदा घरं लागतात आणि वरच्या जमिनीच्या मालकाचा होकार लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सरकारला अशा वाडीत एक रुपया घालायचा असेल तर तो भिंतीत घालू नये. भिंत लोक बांधतात. तो चरात, आधारभिंतीत, गटारात आणि सामाईक टाकीत घालावा.

आज तो तिथे जाऊ शकत नाही. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थ्यानं स्वतः घर बांधण्याचा जो भाग आहे, त्यात केंद्राचे दीड लाख रुपये कामाच्या टप्प्यांनुसार मिळतात आणि २०१५च्या मूळ योजनेत असलेल्या घराला खोली जोडायलाही मिळत होते. कल्पना याच लोकांची, जणू वहीतूनच उचललेली. पण त्याला आधी जमिनीचा कागद लागतो. आणि अनुदान जातं एकेका घराला. गटार हे कुणाचंच घर नाही.

तारीख

आता अर्जाकडे येतो.

दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या घराला संरक्षण देणं गोव्याला नवं नाही. १९७५च्या मुंडकार कायद्यानं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीनं राहणाऱ्या मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असं ठरवलं आणि घर व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. या वाडीच्या खालच्याच गावात मुंडकारांची घरं आहेत आणि आज त्यांची मुलं मालक म्हणून राहतात. वाडीला तो कायदा लागू नाही, ती त्यानंतरची आणि विनासंमतीची. पण जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं असू शकतं, आणि त्यावर न्यायाचा तोडगा निघू शकतो, हे आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे.

पुढचे प्रयत्न तारखांभोवती फिरत राहिले. २०१६च्या कायद्यानं अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २८ फेब्रुवारी २०१४ ही मर्यादा घातली. जुलै २०२१मध्ये विधानसभेनं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घाईनं संमत केलं: तीस वर्षांचा रहिवास, १ एप्रिल २०१९पूर्वीचं घर, अडीचशे चौरस मीटरपर्यंत जमीन. 'भूमिपुत्र' या शब्दालाच आदिवासी समाजानं हरकत घेतली, अतिक्रमणांना दार उघडेल अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली, आणि सरकारला ते गुंडाळावं लागलं. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनींवरच्या घरांसाठी वेगळ्या दुरुस्त्या आल्या, आणि त्यावर 'म्हजें घर' योजना. तारीख पुन्हा तीच, २८ फेब्रुवारी २०१४.

तारीख असावी हे मला मान्य आहे. ती नसेल तर प्रत्येक सडा उद्या खुला होईल आणि त्या वयस्क गावकाराचं म्हणणं खरं ठरेल. माझा आक्षेप एवढाच आहे, की तारीख घर 'होतं की नव्हतं' एवढंच विचारते. मावशींचं घर त्या दिवशी होतं. जोतं होतं, भिंती होत्या, स्लॅब होता, आणि वरची खोली गुडघ्याएवढी होती. उपग्रहाच्या जुन्या चित्रात एक राखाडी चौकोन दिसतो, नंतरच्या चित्रात त्याच जागी निळा. जमीन एक इंचही वाढलेली नाही. चित्र बघणाऱ्याला मात्र २०१४नंतर काही तरी नवं बांधलेलं दिसतं.

गल्लीत यावर दोन रात्री बोलणं चाललं. काहींनी सांगितलं, १९९४ लिहा आणि गप्प बसा. वरच्या खोलीचं कोण विचारतंय? माझ्या परिचयाच्या एका एजंटानं आणखी सोपी वाट सुचवली होती, जुन्या तारखेचं प्रतिज्ञापत्र. बोलणं ऐकून घेतल्यावर मावशींनी वही पुढे सरकवली आणि विचारलं, "मग ह्येचं काय करू? जाळू?"

शेवटी असं केलं. अर्जात साल १९९४ लिहिलं. सोबत एक पान जोडलं, त्यावर जमिनीचा नकाशा आणि घराचा एकेक टप्पा: कुठल्या साली काय झालं, त्याचा पुरावा काय. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, विजेचं पहिलं बिल, वहीच्या पानांच्या प्रती. वरच्या खोलीपुढे '२०१३-१४ अर्धी, २०१८ पुरी' असं स्वच्छ लिहिलं. कायद्यात अशा पानाला जागा नाही. मला ती हवी आहे. तळमजला मर्यादेच्या आतला असेल तर तो नियमित करावा, वरच्या भागासाठी बांधकामाची सुरक्षितता तपासून वेगळा दंड आणि वेगळी अट घालावी, आणि चराच्या रेघेबाहेर काहीच मान्य करू नये. तपासणी करणाऱ्याला हे एका दुपारचं काम आहे. गावकारांपैकी दोघांना मी तो नकाशा दाखवला. त्यांनी होकार दिलेला नाही. चराची रेघ नकाशावर लाल शाईनं काढा, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

खरं लिहिल्यामुळे मावशींची वरची खोली जाऊ शकते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, मुलाच्या समोर सांगितलं. बारा घरांनी तसंच पान जोडलं, दोघांनी जोडलं नाही. त्या दोघांना मी दोष देत नाही.

अर्ज देऊन आल्यावर पुढच्या रविवारी चर साफ करायचा होता. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी करतात. मी गेलो तेव्हा काम संपत आलं होतं, मुलं आधारभिंतीची भोकं लोखंडी सळईनं मोकळी करत होती. मावशी पायरीवर बसून वहीत लिहीत होत्या. नव्या पानावर तारीख होती आणि खाली दोन ओळी: 'चर साफ. माणसं ११. चा साखर ९० रु.'